मामांचं इंजिन बदललं!

गाडी आणि सॉफ्टवेअर यांत काडीचाही फरक नाही, असं मी सासुरवाडीच्या अंगणात छाती पुढे काढून जाहीर केलं. "दोन्हीत बिघाड एकाच जागी असतो, मामा. बाकीचं सगळं नुसतं घाबरवतं. ऑफिसात मी रोज हेच करतो!"

"करा," सासरे म्हणाले.

माझे सासरे सर्जेराव मूळचे पुण्याजवळच्या वारज्याचे. त्यांची जीप थकली तेव्हा सगळ्यांनी ती भंगारात द्यायला सांगितलं. मामांनी उलट तिच्यात दुसऱ्या गाडीचं टर्बो इंजिन बसवून घेतलं. नवं इंजिन असं गुरगुरायचं, की वाटावं, आता एका झेपेत मुंबई! पण चांदणी चौकाचा चढ लागला आणि मामांनी पाय दाबला, की जीप लग्नात रुसलेल्या आत्याबाईंसारखी फुरफुरत रेंगाळायची. एकदा तर शेजारून चाललेल्या सायकलवाल्यानं विचारलं, "ढकलू का?"

मी बाह्या सरसावल्या. हवेचा फिल्टर नवा टाकला, डिझेलचा टाकला. बुधवार पेठेतून एक मीटर आणलं, ते कुठं लावायचं हे शेवटपर्यंत कळलं नाही. कुठून हवा निसटते का बघायला सगळ्या पाइपांना साबणाचं पाणी लावलं. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, घासताच आहात तर चाकं पण घासा."

शेवटी मी ओट्यावर उभं राहून ऑफिसातल्या माधवला मोबाइल लावला. तेव्हा रेंजसाठी ओरडावंच लागायचं. "अरे, मामांचं जुनं काढलं, दुसरं बसवलं! हो, सुरू लगेच झालं! पण चढावर दम टिकत नाही रे! श्वासच पुरत नसावा! उद्या परत उघडून बघतो!"

कुंपणाच्या भिंतीपलीकडे मैनाकाकू कपडे वाळत घालत होत्या. मैनाकाकू म्हणजे मामांच्या धाकट्या भावाच्या, गेनबाकाकांच्या पत्नी. जमीन बिल्डरला द्यायची की नाही यावरून दोघा भावांत बोलणं तुटलं होतं. ती भिंत तेव्हाचीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडईत गाळा असलेले उत्तरेश्वर मोसंब्यांची टोपली घेऊन आले. मामा दात घासत होते.

"उठू नका, उठू नका!"

"उभाच हाय की मी," मामा म्हणाले.

मग आणखी चार माणसं आली. कोणी नारळपाणी, कोणी अंगारा. सगळे मामांच्या छातीकडे बघून हळू आवाजात बोलत होते. सासूबाईंनी गोंधळून चहा टाकला.

आणि फाटकात गेनबाकाका दिसले. काकांच्या हातात शहाळी होती आणि डोळे लाल होते.

"दादा, एवढं काळीज बदललंस, आन् मला कळवलं बी न्हाई?"

"कुणाचं काळीज?"

मला फोनवरचं माझंच एकेक वाक्य आठवलं. "मामा... ते... इंजिन!"

लोक हसायला लागले. काकांचं तोंड एवढंसं झालं. ते मागे वळले. मला वाटलं, आता ही भिंत आणखी दोन हात वर चढणार, आणि ती माझ्यामुळे! भांडून वेगळी झालेली ही माणसं एकमेकांच्या घराला कान लावून जगत होती, हे मला तेव्हा कळलं.

"गेनू," मामा म्हणाले. "आलायस तर बघून जा. दम तिला बी पुरंना."

काका थांबले. शहाळी ओट्यावर ठेवून सरळ जीपकडे गेले.

मला गाडीत बसवलं. "तुमी रेस द्या, आमी बघतो." बॉनेटखाली दोन पांढरी डोकी एकदम वाकली. मी पाय दाबला. दोघं एकदमच ओरडले, "नळी!"

फिल्टरकडून टर्बोकडे जाणारी रबरी नळी मऊ होती. इंजिननं जोरात हवा ओढली, की ती पोळीसारखी चपटी व्हायची. पाय काढला, की पुन्हा गोल! मी ती कितीदा तपासली होती, पण प्रत्येक वेळी इंजिन बंद ठेवून. काकांनी घरून पाण्याच्या पंपाच्या, आत तार असलेल्या कडक पाइपचा तुकडा आणला, दोघांनी पकडून नळीच्या जागी घट्ट बसवला.

चांदणी चौकाचा चढ जीपनं असा घेतला, की मागे बसलेला मी सीटच्या पाठीला चिकटलो. पुढे दोघं भाऊ खांद्याला खांदा लावून बसले होते. मला भरून आलं. मनात म्हटलं, चला, जुळलं!

"नळी आधी मी बघितली," काका म्हणाले.

"तू? मी बोट दाखवलं तवा तुझं ध्यान पंख्यात व्हतं."

"दादा, खोटं बोलू नगंस!"

"गाडी कुणाची हाय?"

"पाइप कुणाचा हाय?"

मामांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली. दोघंही मागे वळले. "जावईबापू, तुमीच सांगा. आधी कुणी बघितली?"

मी म्हणालो, "मला कसं दिसणार? समोर बॉनेट उघडं होतं."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. कितीतरी वर्षांनी त्यांचं एका गोष्टीवर पूर्ण एकमत झालं.

"मग एवढे दिवस," दोघं एकसुरात म्हणाले, "तुमी करत काय व्हता?"