जानवशातली चाकूपरीक्षा

नवेगावबांधची वरात तिरोड्याच्या जानवशात उतरली, पाय धुतले, चहा झाला, आणि नवरदेव घनश्यामनं रिकामा हात पुढं केला. "माय, माही कट्यार?"

देवकाबाईनं आधी दिराला झापलं, मग जावयाला, मग खुद्द नवरदेवाला. एवढ्यात तिच्या कमरेची किल्ली खुळखुळली. पोरगा कट्यार जिथं तिथं विसरतो म्हणून निघताना तिनंच ती घरच्या पेटीत कुलूपबंद केली होती!

हळद लागलेल्या नवरदेवाच्या हाती लोखंड हवं, टोकाला लिंबू हवं, नाहीतर दृष्ट लागते. पण देवकाबाईला दृष्टीपेक्षा धाक विहिणीचा. सोयरीक जुळवताना सुलोचनाबाईला तिनं ऐकवलं होतं, "आमच्या घरी सुई हरवत नाई." आता ही बातमी तिकडे पोचली, तर नातवाच्या बारशापर्यंत पुरली असती.

"कोनी बोलान तर जीभ उपटीन," तिनं दार लोटलं. "चाकू कोनाजवळ हाय?"

दीर केशोरावानं हाडाच्या मुठीचा चाकू काढला. "विलायती हाय, वहिनी."

देवकाबाईनं टोकाला लिंबू खोचलं आणि पात्याची पाठ बाजेच्या खुरावर ठोकली. पातं मुकाट मुठीत शिरलं, लिंबू चिरडून बाजेखाली.

"खटका कोठी हाय याले, भाऊजी?"

"खटका नाई. आतली पोलादी कमानच पातं धरून ठेवते."

"मंग तुमच्यासारखाच हाय. बायकोनं हाक मारली का मिटला."

जावई भैय्यालाल गोंदियाचे. ते मिशीत हसले. "मामी, अब ये देखो. रामपुरी!" कट्-कट् करत हातभर पातं उघडलं. बायका मागं सरल्या. देवकाबाईनं ठोकलं, पुन्हा ठोकलं. पातं ढिम्म.

"याले म्हनतेत खटका!" तिची भुवई वर गेली. पण घनश्यामच्या हळदओल्या हातातून अंगठा घसरला, नेमका खटक्यावर दाबला गेला, आणि पातं मिटलं. बोट थोडक्यात वाचलं, शेल्याचे गोंडे गेले, लिंबू फुटलं.

"माल चांगला हाय, जावईबुवा. पन मिटाच्या आधी मालकाले इचारत नाई."

प्रत्येक परीक्षेत एक लिंबू जात होतं, आणि लिंबं येत होती मुलीकडून. आणायला पुन्हा मनिराम न्हावी गेला, तेव्हा सुलोचनाबाईनं विचारलं, "वरात लग्नाले आली का लोनचं घालाले?"

परत आला तो झाकलेलं ताट घेऊन. लिंबांशेजारी काळ्या लाकडी मुठीचा एक मिटका चाकू.

"काई म्हनली का?" देवकाबाईचं तोंड उतरलं.

"म्हनली, पातं उघडून गळ्याचं कडं फिरवा."

बाहेर वाजंत्री सुरू झाली. नाइलाजानं तिनं चाकू उघडला, मुठीच्या गळ्याशी असलेलं लोखंडी कडं फिरवलं. कडं पात्याच्या वाटेत आडवं बसलं. तिनं ठोकला. हलला नाही. उखळावर आपटला. नाही. अंगठा कुठंही ठेवा, तो आपला जागेवर. खोड काढायला तिनं उलटा-सुलटा करून पाहिला आणि कधी नव्हे ते तोंडातून निघून गेलं, "बाप्पा! घराले राखनदार असा पायजे."

लग्न लागलं. लिंबू जागचं हललं नाही.

निघायच्या वेळी मात्र चाकू मिटेना. लिंबाच्या रसानं आणि हळदीनं कडं चिकटलं होतं. केशोरावानं दात लावले, भैय्यालालनं दंड फुगवले. उघडं पातं घेऊन गाडीत बसायचं कसं?

सुलोचनाबाई शांतपणे म्हणाली, "असू द्या, इहीनबाई. तुमच्या घरी तं सुई बी हरवत नाई. एवढ्या मोठ्या कट्यारीनं कोठी जावं?"

 

तेवढ्यात नवी सून प्रेमिला हिनं घुंगटातून हात काढला. केसांचं तेल बोटाला घेऊन कड्याला चोळलं, दोन बोटांनी कडं फिरवलं आणि पातं मिटवून चाकू सासूपुढं धरला. "याच चाकूनं मायची सुपारी मीच कातरत होतो ना," ती हळूच म्हणाली.

देवकाबाईनं चाकूकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं. मग कमरेची किल्ली सोडून तिच्या पदराला गाठ मारली.

"चाकू बी तूच ठेव," ती म्हणाली. "घरी गेल्यावर पेटीतून कट्यार काढजो. अन् मायले निरोप धाडजो, आमच्या घरी काईच हरवलं नव्हतं म्हनून."