धुक्यातला झेंडेवाला

"मी येतो ना!" चहात टोस्ट बुडवता बुडवता मी म्हणालो. एवढंच. टोस्टही त्याच क्षणी तुटून कपात पडला, पण असल्या इशाऱ्यांकडे लक्ष देणारा मी नव्हे.

विनया, म्हणजे माझी बायको, दिल्लीतल्या एका मुलींच्या कॉलेजात इतिहास शिकवते. यंदा कॉलेजांच्या क्रॉस-कंट्री शर्यतीची सगळी जबाबदारी पहिल्यांदाच तिच्या गळ्यात पडली होती. आणि ऐन वेळी तिचे निम्मे व्हॉलंटिअर कुणाच्या तरी लग्नाला मेरठला निघून गेले होते.

"तू?" ती म्हणाली. "पद्माकर, चष्मा डोळ्यांवर असताना तू चष्मा शोधतोस."

"व्हॉलंटिअरला नुसतं उभं तर राहायचं असतं!"

"उभं आणि जागं," विनया म्हणाली.

(हे तिने मुद्दाम म्हटलं. मला उभ्या उभ्या स्वप्नं पडतात. ऑफिसात लोक याला ‘साहेब विचारात आहेत’ म्हणतात.)

रविवारी सकाळी आम्ही दिल्लीतल्याच द्वारका भागातल्या आमच्या घरून निघून रिजवर, म्हणजे शहरातल्या त्या जंगलाच्या टेकडीवर पोहोचलो, तेव्हा सगळीकडे जानेवारीचं धुकं होतं. विनयाने मला नारिंगी जाकीट चढवलं, हातात लाल झेंडा दिला आणि हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूच्या एका फाट्यावर नेऊन उभं केलं. "मुली आल्या की झेंडा डावीकडे दाखवायचा. डावीकडे फिनिश. उजवीकडे हॉस्पिटल. लक्षात राहील?"

"बिल्कुल!"

ती गेली आणि मी एकटा उरलो. झाडं अर्धी पुसल्यासारखी दिसत होती. कुठेतरी मोर ओरडला. पानांवरून पाणी टपटपत होतं, आणि त्या टपटपीचा हळूहळू टाळ्यांचा आवाज व्हायला लागला. बघतो तर मी एका उंच चौथऱ्यावर उभा! गळ्यात मेडल, पोट गायब, डोक्यावर वीस वर्षांपूर्वीचे केस. स्टेडियम खच्चून भरलेलं. पहिल्या रांगेत विनया चक्क कौतुकाने बघत होती (तेव्हाच स्वप्न ओळखायला हवं होतं). मी हसून लोकांना हात केला.

हात उजवा होता. त्यात झेंडा होता.

"थँक यू अंकल!" म्हणत धुक्यातून एक मुलगी आली आणि वाऱ्यासारखी उजवीकडे निघून गेली.

मी भानावर आलो. ती चेतना होती. विनया घरी तिच्याविषयीच बोलायची. मागच्या वर्षी पाय मुरगळल्यामुळे तिची विद्यापीठाच्या टीममधली जागा हुकली होती. आज पहिल्या तिघींत आली तरच निवड. आणि सगळ्यांच्या पुढे असलेल्या त्या मुलीला मी सरळ हॉस्पिटलच्या रस्त्याला लावलं होतं!

"बेटा! उधर नहीं!" ओरडत मी तिच्यामागे धावलो.

आता, मी फाट्यावर थांबायला हवं होतं हे मलाही कळतं. पण ते आत्ता कळतं. थोड्याच वेळात मागून पावलांचा आवाज यायला लागला. बाकीच्या मुली फाट्यावर पोहोचल्या होत्या. तिथे कुणी नव्हतं, पण पुढे धुक्यात एक नारिंगी जाकीट झेंडा हलवत पळत होतं. "अंकल को फॉलो करो!" कुणीतरी ओरडलं.

खरं सांगू? त्या क्षणी मी थांबायचंच विसरलो. पांढऱ्याशुभ्र धुक्यात मी पुढे आणि अख्खी शर्यत माझ्या मागे. पाय जमिनीला लागत नव्हते. मी ढगातून पळत होतो. मागची पावलं जवळ आली तसा मी वेगही वाढवला!

शेवटी हॉस्पिटलच्या फाटकाजवळ चेतना थांबलेली दिसली. मी तिच्याशेजारी रस्त्यावरच बसकण मारली, आणि मागोमाग बाकीच्या मुलीही येऊन थांबल्या. चौकीदार धावत आला. "इमर्जन्सी पीछे है, साहब!"

"अंकल, फिनिश कहाँ है?" चेतनाने विचारलं.

मी बोटाने मागचा रस्ता दाखवला. बोलायला श्वास नव्हता.

तिचा चेहरा पडला. डोळे भरून आले. आता रडेल, नाहीतर मला झेंड्याच्या काठीने मारेल, असं वाटलं. मला दुसरा पर्याय जास्त बरा वाटला. पण तिने बाहीला नाक पुसलं, सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "सब यहीं तो हैं. चलो, यहीं से रेस करते हैं."

"तेरी लीड जाएगी," एक मुलगी म्हणाली.

"जाने दे, यार."

सगळ्या एका रेषेत उभ्या राहिल्या. मी बसल्या बसल्याच झेंडा उचलला, यावेळी नीट बघून, आणि सगळ्या धुक्यात विरघळून गेल्या.

मी रखडत फिनिशला पोहोचलो तेव्हा ऊन पडलं होतं. चेतना तिसरी आली होती! अगदी हातभर अंतराने, पण तिसरी. सगळ्या मुली सारखंच जास्तीचं पळाल्या म्हणून पंचांनीही निकाल मान्य केला. विनयाने फक्त खुर्च्यांकडे बोट दाखवलं, आणि मी त्या घड्या घालून टेम्पोत भरायला लागलो. तेवढ्यात चेतना आली आणि तिच्या संत्र्यातला अर्धा भाग माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "अंकल, वैसे भागते आप अच्छा हो."

ते संत्रं मी डोळे मिटून खाल्लं.

दुपारी एक फोटो फिरत फिरत विनयाच्या फोनवर आला. रिजवर फिरायला आलेल्या कुणीतरी काढलेला. पांढरं धुकं, सगळ्यात पुढे मी, दोन्ही हात पसरलेले, आणि मागे जिवाच्या आकांताने पळणाऱ्या मुली. स्वप्नातही मी इतका देखणा दिसलो नव्हतो. मी तो ताबडतोब पुण्याच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली काही लिहिलं नाही. फोटो बोलत होता.

लगेच कुमुदिनीमावशीचा फोन आला. आवाज अगदी हळू.

"पद्माकर, विनया जवळ नाही ना? बरं. काय केलंस ते मी विचारत नाही. फक्त एवढंच सांग, पोरींनी फार मारलं का रे?"