मोटारीच्या दिंडीवरील सटवाजी नाईक यांची हकीकत

॥ श्री ॥ जो दिसत नाही आणि ज्यावाचून कोणतेही इंजिन क्षणभर जगत नाही, त्या वायूस नमन करून, शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारीनाम संवत्सरी, वैशाखमासी एका मोटारीच्या राज्यात जे वर्तमान जाहले ते निवेदन करितो.

राज्य बॉनेटाखाली, आणि इंजिन हे महाराज. पेट्रोल आणि हवा हा त्यांचा आहार. हवेचा थोर दरवाजा धन्याच्या पायाखालील कळीने उघडे, आणि धन्याने पाय उचलला की मिटे, मग गाडी उभी असता महाराज नुसते तेवत राहत, त्यास विसावा म्हणत. विसाव्यातही श्वास लागतोच, म्हणून थोर दरवाज्याच्या बगलेस एक दिंडी, म्हणजे धाकटा दरवाजा होता, आणि तिच्यावर सटवाजी नाईक, म्हणजे मुठीएवढी विजेची मोटार आणि तिच्या पुढे टोकदार दांडा. दांडा मागे घेतला की दिंडी उघडे, पुढे सारला की मिटे. हुकूम दिवाण भानजीपंतांचा. पंत म्हणजे गाडीचा संगणक. ते तारेवरून ठोके देत, एका ठोक्यास एक पाऊल, आणि ठोके मोजून मनात धरीत की नाईक आता अमुक जागी पोहोचले. नाईकांकडून उलट जबाब येण्याची तार मुळात घातलीच नव्हती.

काय ते दिवस होते. थंडीच्या पहाटे धनी किल्ली फिरवीत, आणि पंत ठोके देत, आणि नाईक दिंडी ऐसपैस उघडीत, आणि महाराज जोराने श्वास घेऊन गुरगुरत, मग अंग तापले की नाईक दिंडी हळूहळू आवरीत आणि ती गुरगुर उतरत उतरत अशी संथ होई की डॅशबोर्डावरचे शेवंतीचे फूल हलत नसे. शीतयंत्राच्या बाईसाहेब येण्याची वर्दी देत, तो नाईक आधीच जादा हवा सोडीत, आणि महाराजांस त्यांचा भार कळत नसे. पंत तो सूर ऐकत तृप्त बसत.

पुढे महाराजांचाच धूर आणि तेलाची वाफ मागे फिरून दिंडीत काजळी धरू लागली, आणि वर्षामागून वर्ष ती दाट झाली, आणि त्या वैशाखात धनी भर उन्हात चौकात थांबले, थोर दरवाजा मिटला, बाईसाहेबांनी वर्दी दिली, पंतांनी ठोके दिले, पण दांडा काजळीत अडकून हलेना, आणि महाराज दोन आचके देऊन गप्प जाहले.

पुन्हा किल्ली फिरली तेव्हा महाराज पुसते जाहले, "पंत, आमचा गळा कोणी दाबला?"

"दिंडी उघडी आहे, महाराज. मी स्वतः ठोके मोजले."

"मग हवा कोठे गेली?"

"नाईक फितूर जाहले. दुसरे काय?"

बाईसाहेब म्हणाल्या, "माझ्यावर ढकलू नका म्हणजे झालं. मी सांगून येते."

पंत म्हणाले, "आपणांस कोण काय बोलतो, बाईसाहेब? आपण आलात की सगळेच गारठतात."

मग धन्यांनी रस्त्यावरच्या मिस्त्रीकडून स्क्रू पिळवून थोर दरवाजा किंचित किलकिला करविला, आणि महाराज विसाव्यातही धावू लागले आणि पेट्रोल भसाभस पिऊ लागले. पंतांनी घाबरून दिंडी मिटण्याचे ठोके दिले, आणि नाईक काजळीत अधिकच रुतले. मग बाईसाहेबांचा भार पडताच महाराज पुन्हा चौकात निपचित.

धनी पत्नीस म्हणाले, "आणखी एकदा बंद पडली तर भंगारात देतो."

"द्या की. मला बघायला हिच्यातूनच आला होतात, तेव्हा काय पण मिरवत होतात."

धन्यांनी मात्र गाडी भंगारवाल्याकडे न नेता इस्माईल दलवाई यांच्या गॅरेजात नेली. दलवाईंनी स्क्रू जागेवर आणिला आणि नाईकांस बाहेर काढून काजळी खरवडली.

"ह्याचं काम संपलं, साहेब. आतली तार जळलीय. हे आटे बघा, किती झिजलेत. जाम झाला होता, तरी शेवटपर्यंत जोर लावत होता बिचारा."

हे बोलणे पंतांनी ऐकिले.

नवे नाईक रुजू जाहले. पंतांनी आधी त्यांस दिंडी पुरती मिटावयास लाविली, दांडा भिंतीस टेकला, आणि तेथून मोजणी नव्याने धरिली. महाराज तेवू लागले. बाईसाहेब आल्या, तरी तेवत राहिले.

महाराज म्हणाले, "पंत, सटवाजींविषयी काय म्हणावे?"

पंत बोलिले, "फितुरीचा शब्द मागे घेतो. ते शेवटच्या ठोक्यापर्यंत चौकीवर होते."

"मग त्यांस तसे कळवा."

"आता त्यांच्यापर्यंत तार नाही, महाराज."

ऐसे वर्तमान जाहले. राज्य भंगारात गेले नाही, अद्याप चालते आहे. नवे नाईक चाकरीस चोख आहेत, त्यांच्याविषयी पंतांची तक्रार नाही. मात्र थंडीच्या पहाटे पंत दोन ठोके जरा सावकाश देतात, जुन्या माणसास द्यावे तसे.