छत्तीस नंबरचा चॅनेल

चार मजल्यांच्या त्या कार्यालयात हायस्पीड वायफायचे चार डबे बसवायचे होते, मजल्याला एक. काम दोन तासांचं. ते उरकून तंत्रज्ञ दुपारच्या गाडीने घरी जाणार होता, कारण बायकोचे दिवस भरत आले होते.

डबे छताला लागले. तो प्रशासन अधिकाऱ्यांना म्हणाला, "आता प्रत्येकाला वेगळा चॅनेल देतो. रेडिओसारखंच असतं. सगळे एकाच चॅनेलवर आले की आवाजात आवाज मिसळतो, आणि कोणालाच धड काही मिळत नाही."

"पहिला नंबर कोणता?" अधिकाऱ्यांनी वही उघडली.

"छत्तीस."

"तो साहेबांना. पुढे?"

"बावन्न, शंभर, एकशे एकोणपन्नास."

जेवणाच्या सुट्टीआधी ही यादी सगळीकडे पोचली. तळमजल्यावरच्या विभागप्रमुख बाई जिने चढून आल्या.

"एकशे एकोणपन्नास? म्हणजे माझ्यापुढे एकशे अठ्ठेचाळीस जण आहेत?"

कार्यालयात माणसं एकूण त्र्याण्णव होती.

"बाई, तो नुसता आकडा आहे. स्पीड सगळ्यांना सारखाच."

"सारखाच ना? मग मला छत्तीसच द्या."

संध्याकाळपर्यंत उरलेल्या दोन विभागप्रमुखांचीही पत्रं आली. सेवाज्येष्ठता, पदाची प्रतिष्ठा, सगळं त्यात होतं. साहेबांनी समन्यायी धोरण म्हणून चौघांनाही छत्तीस नंबर मंजूर केला. तंत्रज्ञाने आदेश पाळला आणि चारही मजल्यांवरचं नेट रखडलं. विभागांमध्ये छत्तीसचा आकडा पूर्वीपासूनच होता. आता त्याला लेखी मान्यता मिळाली.

समिती नेमली गेली. एका वेळी एकच डबा चालू ठेवला तर नेट उत्तम चालतं, असा तिने नऊ दिवसांनी शोध लावला. त्यानुसार वेळापत्रक निघालं. दहा ते बारा तिसरा मजला, बारा ते दोन दुसरा, आणि तसंच खाली तळमजल्यापर्यंत. बाराच्या ठोक्याला अख्खं कार्यालय लॅपटॉप, फायली आणि खुर्च्या उचलून एक मजला उतरे. कामासाठी आलेले लोक मागोमाग रांग मोडू न देता उतरत. गुडघे दुखणारा एक कारकून जिन्यातच बसू लागला. तिथे त्याला दोन्ही मजल्यांचं नेट मिळायचं. दुहेरी लाभ घेतल्याबद्दल त्याला नोटीस निघाली.

काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळाल्याशिवाय तंत्रज्ञाला हलता येत नव्हतं. बायकोचा फोन आला.

"तुम्ही नुसते आकडे घालायला गेला होतात ना?"

"आकड्यांवरच अडलंय."

"मग बाळाला काय सांगू? थांब जरा, म्हणू?"

त्याने फोन ठेवला आणि कपाळाला हात लावून बसला. चहा देणाऱ्या मावशी हे बघत होत्या.

"अरे, आत तुला काय करायचं ते कर," त्या म्हणाल्या. "त्यांना बाहेरून दिसतो तेवढाच आकडा कळतो."

त्याने आत चार वेगळे चॅनेल घातले आणि प्रत्येक डब्यावर बाहेरून '३६' असं ठळक लेबल चिकटवलं. नेट धावू लागलं. प्रत्येक विभागप्रमुखाने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की बाकीच्यांचं ठीक आहे, पण आमच्या मजल्यावर जरा जास्तच फास्ट आहे. दाखल्यावर सही झाली. तो दवाखान्यात पोचला तेव्हा मुलगी चार तासांची झाली होती.

तिसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. "सगळ्यांना छत्तीस, मग आमच्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला?"

त्याने '३५' असं लेबल छापून कुरियरने पाठवलं. असा चॅनेल त्या डब्यात नाहीच. ते चिकटवताक्षणी वेग दुप्पट झाल्याचं साहेबांनी लेखी कळवलं.

आता तो कुठेही कामाला गेला, की लेबलांचा गठ्ठा सोबत नेतो. गेल्या महिन्यात तुमच्याकडे आला होता तोच. खुर्चीवर चढून डब्यावरचा आकडा खरवडून बघू नका. नेट किती सुधारलं, हे तुम्ही त्याला लिहून दिलेलं आहे.