सत्तारचाचांची टाकी आणि आमचा पाळणा

आमच्या वरच्या मजल्यावरचे सत्तारचाचा कसलंही वजन लूममध्येच सांगतात. घरमालक आला की, "आला बघ दीड लूम." नवी नवरी जिना चढली की, "पाव लूम पण नाय, जेवते का नाय?" माझा बाबू झाला, दवाखान्यातून घेऊन आले, तर जिन्यातच दुपटं बाजूला करून ओरडले, "अरे, हा तर नुसता धोटा!" धोटा म्हणजे लूमवर सूत घेऊन इकडून तिकडे पळतो ना, लाकडाचा, तो. मी आधीच घाबरट, रडायलाच लागले.

ओरडतात कारण त्यांना कमी ऐकू येतं. सगळा जन्म इथे भिवंडीत, नारपोलीच्या कारखान्यात लूमवर कापड विणण्यात गेला, कान तिथेच राहिले. आता घरी एकटेच असतात. कुणी काय बोललं नि पटलं नाय की, "माझे कान लूमने खाल्ले," म्हणायचं नि खिडकीबाहेर बघायचं. पटलं की मात्र बरोबर ऐकू येतं.

तर ह्या चाचांनी माशांची टाकी आणली. धामणकर नाक्यावरचं एक हॉटेल बंद झालं, तिथली. केवढी, तर मी, बाबू नि बाबूचे पप्पा तिघं आत आडवे झोपू एवढी. हमाल शिव्या देत वर घेऊन गेले. नि चाचांनी ठेवली कुठे, तर खोलीच्या बरोब्बर मध्ये. तिच्या खाली आमच्या छताची कडी, कडीला पाळणा, पाळण्यात बाबू.

मी सातवी शिकलेली, मला स्लॅबचं काय कळत नाय. पण हंडा माझ्याच कमरेवर असतो, पाणी किती जड ते मला कुणी शिकवायला नको. वर पाइपाने पाणी पडायला लागलं, भदाभदा, मी खाली पाळण्याला धरून उभी, एक हंडा, अजून एक, अजून, थांबतच नाय. भिवंडीत बिल्डिंगी कशा खाली बसतात ते काय मी सांगायला पाहिजे?

बाबूच्या पप्पांना उठवलं तर म्हणाले, "नाइट करून आलोय, झोपू दे. पाळणा सरकव." कुठे सरकवू, कडी एकच! घरमालक फोनवर म्हणाला, "बिल्डिंग मजबूत हाय." म्हटलं, "मग तुम्ही या राहायला," नि फोन कापला. जन्मात कुणाशी असं बोलले नव्हते. बाबूला काखेला मारलं नि तशीच वर गेले.

"चाचा, टाकी भिंतीला लावा!"

"मासे? सहा हाइत."

"भिंतीला! स्लॅब पडंल!"

"अगं पोरी, ह्या स्लॅबवर लूम नाचले असते तरी..."

"नाचले असते! नाचले का? ह्या बिल्डिंगीत कारखाना होता तेव्हा लूम खाली होते. वर सुताच्या गोण्या, त्या पण भिंतीला लावून. तुम्हीच सांगितलंय!"

"माझे कान लूमने खाल्ले," म्हणाले नि खिडकीकडे वळले.

मी त्यांच्या नि खिडकीच्या मध्ये जाऊन उभी राहिले. "टाकी हलल्याशिवाय मी हलणार नाय. पोराला घेऊन इथेच बसते."

चाचा पहिल्यांदा हळू बोलले. "भिंतीजवळ पाणी गप राहतं गं."

"मग राहू दे की गप!"

"तुझं पोर दुपारी रडतं, मला कुठे ऐकायला येतं? पण तू पाळणा ओढलास की इथे मधे पाणी हलतं. बारीक. मला कळतं, धोटा उठला. थांबलं की कळतं, झोपला. मग मी पण आडवा होतो. आधी परातीत पाणी ठेवायचो. आता परातीतलं दिसत नाय डोळ्यांना."

वाटलं, राहू दे टाकी. पण मी आई हाय. म्हटलं, "चाचा, धोट्याएवढ्या पोराच्या पाळण्याने तुमचा स्लॅब हलतो, नि त्याच्यावर तुम्ही ही टाकी ठेवलीत?"

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मग पाण्याकडे. मग पायाखालच्या लादीकडे, नि हळूच एक पाय उचलला. नि तसेच बादली आणायला गेले.

टाकी आता भिंतीला हाय. मग एका दुपारी दार उघडलं तर चाचा बाहेर, टोपी हातात, काय काम नाय, नुसते उभे. मी पाळण्याची दोरी त्यांच्या हातात दिली.

आता रोज येतात. बिल्डिंगमधल्या बाया बोलतात, परक्या माणसाच्या हातात पोर कशाला देतेस. म्हटलं, माझं पोर हाय, मी दिलंय, तुमच्या पोटात का दुखतं? अडचण एकच. चाचा अंगाई म्हणतात ती चालू लूमच्या वरताण. अख्खा मजला उठून बसतो. बाबू तर टक्क डोळे उघडून त्यांच्या तोंडाकडे बघत राहतो.

"बघ," चाचा दोरी ओढत मला सांगतात, "कसा ऐकतोय."