यंत्रांची झडती घेणारे शहारेजी

अड्याळच्या बाजारात शहारेजी पिशवीत स्वतःचं किलोचं वजन घेऊन जात. वांगी घेण्याआधी ते लोखंड भाजीवालीच्या तराजूत टाकत आणि म्हणत, "आधी याले तोल." एकदा ती वैतागली. "भाऊ, वांगे घ्याचे हायेत का लोखंड इकाचं हाये?" शहारेजी शांतपणे म्हणाले, "काटा बोल्ला म्हनून खरं काय, माय?"

हे एक वाक्य या माणसाने जन्मभर पुरवलं. साकोलीच्या स्टँडवरचं घड्याळ चुकीचं आहे हे कंट्रोलरला पटवून देता देता आमची बस निघून गेली. मी कपाळाला हात लावला. हे मात्र खुश! "पाहा, बस गेली म्हंजे घडी मागंच होती." आता बोला.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. आम्ही दोघं भंडाऱ्याला एका प्रयोगशाळेत होतो. रक्ताच्या तपासण्यांसाठी तिथे किरणोत्सारी आयोडीन वापरत. ते काम काचेच्या हुडमध्ये, म्हणजे समोरून हात घालायच्या बंद कपाटात चाले. वर हवा बाहेर फेकणारा पंखा, आणि हवेत आयोडीन सुटलंच तर सांगायला शेजारी मॉनिटर. तो नळीने हवा ओढायचा आणि काटा हलवायचा. आमचा त्याच्यावर पूर्ण विश्वास होता. शहारेजींचा अर्थातच नव्हता. अधूनमधून मोजून थेंबभर आयोडीन हुडमध्ये उडवायचं आणि मॉनिटर तितकंच दाखवतो का ते पाहायचं, ही त्यांची ड्युटी. पण हे उठसूट त्याच्या मागे. साहेब म्हणत, "शहारे, मशीनले जगू द्या ना बापा!"

त्या वर्षी खंडेनवमीला साहेबांनी नेहमीसारखी सगळ्या यंत्रांची पूजा केली. मॉनिटरलाही हळदकुंकू, अक्षता, झेंडूचा हार. त्यानंतर काटा जो शून्यावर बसला तो हलेचना. "पूजा पावली!" साहेब म्हणाले. सगळ्यांत खुश सुनंदाबाई. हुडवरचं काम त्यांचंच, आणि त्यांना दिवस गेलेले. धास्तीने त्या दुसरं काम मागत होत्या, शून्य पाहून त्याच म्हणाल्या, "राहू द्या आता."

शहारेजी मात्र काट्यासमोर बसून. "आधी थोडा तरी हालत होता. आता काहून नाही हालून राहिला?" सगळ्यांना बाहेर काढून त्यांनी थेंब उडवला. काटा ढिम्म. "मंग मी सोडलं ते गेलं कुठं?"

त्यांनी नळी उघडली. आत झेंडूच्या पाकळ्या आणि कुंकवाचे तांदूळ, गच्च! यंत्र हवा ओढतच नव्हतं. साहेबांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं, पण हसायची हिंमत कोणाची? सुनंदाबाई पोटावर हात ठेवून मटकन खाली बसल्या.

आयोडीन शरीरात गेलं तर गळ्यातल्या ग्रंथीत जाऊन बसतं, म्हणून गळ्याशी मोजणीचं यंत्र धरून पाहतात; तेही काम शहारेजींचंच. शहारेजींनी आधी त्या यंत्राची झडती घेतली, मग सुनंदाबाईंचा गळा तपासला. पुन्हा तपासला. परत एकदा तपासला. आमचा जीव टांगणीला.

"काही नाही, बाई. पंख्यानं सगळं ओढून नेलं. पन आता हुडजवळ याचं नाही."

सुनंदाबाई रडायलाच लागल्या. शहारेजी इतके घाबरले, की त्यांनी यंत्र पुन्हा बाईंच्या गळ्याशी नेलं.

मग एकेक करून आमचे सगळ्यांचे गळे झाले. तेही साफ निघाले. शहारेजी आवराआवर करू लागले.

"आणि तुमचा?" मी विचारलं.

"माहा कायले? मी एकटा मानूस, मले काय होते?"

इतकी वर्षं सगळ्यांचे गळे तपासले, स्वतःचा कधीच नाही! मला रागच आला. दंडाला धरून त्यांना खुर्चीत बसवलं, एका हाताने यंत्र गळ्याशी धरलं आणि दुसरा हात मानेवर ठेवला. एरवी सूचनांचा भडिमार करणारा माणूस, डोळे मिटून बसला.

"बुखार आला का माही माय असाच हात लावून पाहे," ते हळूच म्हणाले. "माय गेल्यावर मंग कोनी नाही पाह्यलं."

आकडा केव्हाच आला होता, गळा साफ होता. "थांबा, अजून नीट दिसत नाही," मी खोटंच सांगितलं आणि हात तसाच ठेवला.