पिठाला ऊब मिळवून देण्याची कार्यवाही

पाव फुगायला ऊब लागते आणि ऊब प्रत्येक घरात कुठे ना कुठे असतेच, या दोन गृहीतकांवर पावाची सगळी पुस्तकं उभी आहेत. पहिलं गृहीतक विज्ञानाने सिद्ध केलेलं आहे. दुसरं तपासण्याचं काम आजवर कुणी अंगावर घेतलं नव्हतं, ते शीतगृहाच्या एका निवृत्त व्यवस्थापकांनी घेतलं.

गृहस्थ त्या कामाला लायक होते यात वाद नाही. एकतीस वर्षं त्यांनी दर दोन तासांनी तापमान नोंदवलं होतं आणि त्यांच्या कारकिर्दीत एकही बटाटा गैरसोयीत राहिला नव्हता. (सफरचंदांबाबत दोन तक्रारी आल्या होत्या. चौकशीअंती निराधार.) निवृत्तीनंतर माणसाने काहीतरी छंद लावून घ्यावा असं सगळेच म्हणतात, आणि त्या हिवाळ्यात इमारतीतला जो तो घरी पाव भाजत होता. खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य तर जिन्यात भेटले की आधी पावाची चौकशी करत, मग दातांची. व्यवस्थापकांचा पहिला पाव मात्र फुगलाच नाही. बाल्कनीचं दार आपटू नये म्हणून सध्या तो दाराला लावतात, आणि त्या कामात त्याने अद्याप कुचराई केलेली नाही.

पुस्तकात लिहिलं होतं, 'पीठ घरातल्या उबदार जागी ठेवावे.' कोणत्या, ते लिहिलं नव्हतं. असा मोघम आदेश दिसला की व्यवस्थापकांच्या तळपायाची आग मस्तकात जाई. (तिथे पीठ ठेवणं शक्य नव्हतं.) त्यांनी नवी वही आखली आणि तीन दिवस, अकरा जागा, सकाळी सहा ते रात्री आठ दर दोन तासांनी एक नोंद, अशा दोनशे चौसष्ट नोंदी केल्या.

फ्रिजच्या माथ्यावर ऊब होती, पण फ्रिज मधूनच अंग झाडायचा आणि पिठाची झोपमोड होण्याची भीती होती. ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवला तर चांगली ऊब धरते, पण पाव भाजायची वेळ सोडली तर तिथे बायकोची भांडी राहत होती आणि त्यांची बदली करण्याचे अधिकार व्यवस्थापकांना नव्हते. टीव्हीची पाठ मालिका संपेपर्यंतच गरम. कपाटातल्या स्वेटरांच्या घड्या चक्क गार निघाल्या. स्वेटर स्वतः गरम नसतो, आत माणूस असावा लागतो, हे व्यवस्थापकांना त्या दिवशी प्रथमच कळलं.

अनुक्रमांक नऊ, मागची खोली. इथे व्यवस्थापकांची आई राहते, वय ब्याऐंशी. मुलगा थर्मामीटर घेऊन आत आला तशी ती कानपट्टी सैल करून उठून बसली.

"कुणाला ताप आलाय रे?"

"कुणाला नाही, आई. पिठासाठी जागा बघतोय."

"पिठाला थंडी वाजते?"

"गारठ्यात फुगतच नाही ते. नुसतं बसून राहतं."

"हो, बसूनच राहतं," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा पांघरुणात शिरली.

थर्मामीटरने चौदा अंश दाखवले. व्यवस्थापकांनी शेरा लिहिला: 'पिठास अयोग्य. बटाटे व लोणी यांस उत्तम.'

इथे नमूद केलं पाहिजे की सदर खोलीत गारठा असतो अशी तोंडी तक्रार आईकडून तीन हिवाळे येत होती आणि दरवेळी तिची दखल घेतली गेली होती. पहिल्या हिवाळ्यात स्वेटर देण्यात आला. दुसऱ्यात, वयोमानाप्रमाणे असं वाटायचंच, असं समजावण्यात आलं. तिसऱ्यात दुसरा स्वेटर. थर्मामीटर न्यावा असं कुणाला सुचलं नाही. पण आई काही फुगत नाही, आणि न फुगणाऱ्या मालासाठी पाहणी करायची पद्धत कुठेच नाही.

शेवटी जागा सापडली. बैठकीच्या खोलीचा कोपरा, भिंतीपलीकडे स्वयंपाकाची शेगडी, भिंतीतून गरम पाण्याचा पाइप. तिथे इतकी वर्षं चपलांचा रॅक होता. (चपलांची कधीच तक्रार नव्हती.) रॅक पंधरा मिनिटांत हलला. स्टूल आलं, स्टुलावर पातेलं, पातेल्यावर आईकडचं जाड कांबळं. (तिच्याकडे दोन होती.)

"अहो, दार उघडलं की वारा येतोय," बायको म्हणाली. "कुणीतरी पिठापाशी बसायला हवं. आई रिकाम्याच असतात."

तेव्हा आईला खुर्ची देऊन पिठाच्या राखणीवर बसवण्यात आलं. पाव तासाने तिने कानपट्टी काढली. मग एक स्वेटर, मग दुसरा. बोटं मोकळी झाली तशी ती बोलायला लागली, सुनेची दोन-तीनदा थट्टाही केली, आणि मग बसल्या जागी गाढ झोपली. शेजारी पीठ फुगून दुप्पट झालं.

पाव दृष्ट लागण्यासारखा झाला. व्यवस्थापक खुशीत म्हणाले, "आई, झालं हं काम. आता खोलीत गेलीस तरी चालेल."

म्हातारीने दोन्ही स्वेटर एकावर एक चढवले, कानपट्टी बांधली आणि दारापर्यंत जाऊन वळली.

"उद्याचं पीठ किती वाजता मळणार आहेस रे?"

व्यवस्थापक यशाची नोंद करायला बसले आणि वही अनुक्रमांक नऊवर उघडली. अक्षर त्यांचंच होतं, वळणदार. त्यांना लाज वाटली, आणि ती लिहायला वहीत रकाना नव्हता.

आईची कॉट त्या कोपऱ्यात आणणं हा एक उपाय होता. पण त्यासाठी तिला खरोखरच थंडी वाजत होती हे मान्य करावं लागतं, आणि मग तीन हिवाळ्यांचं प्रकरण पुन्हा उघडतं. त्यापेक्षा रोज पीठ मळणं सोपं. तेव्हापासून त्या घरात रोज सकाळी सातला पीठ मळलं जातं, पाव कुणाला हवा असो वा नसो. दंतवैद्यांकडे आठवड्याला चार पाव जातात आणि ते आता जिना चुकवतात. आईची ड्यूटी संध्याकाळी सातपर्यंत असते. त्यानंतर ती मागच्या खोलीत जाते, कारण त्यानंतर पीठ नसतं.

ही हकिगत आजवर ज्यांना ज्यांना सांगितली, त्या सगळ्यांनी ती मन लावून ऐकली आणि शेवटी एकच विचारलं: त्या कोपऱ्यात नेमके किती अंश होते?

सत्तावीस. लिहून घ्या, तुम्हीही तेच विचारणार होतात. चौदाबद्दल अजून कुणी विचारलेलं नाही.